सामाईक संगणक आणि खासगी पत्र

ज्या वस्तूचा उपयोग अनेकांनीं करावयाचा तिची काळजी बहुधा कोणीच घेत नाहीं. "भागीचें घोडें किवणानें मेलें" ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अनुभवावरूनच केली असली पाहिजे. शाळेंतील संगणक, ग्रंथालयांतील संगणक, चौकांतील झेरॉक्सच्या दुकानांतील संगणक, आणि ज्यावर वडील हिशेब लिहितात, ताई अर्ज भरते व धाकटा खेळतो तो घरांतील एकुलता एक संगणक, हे सारे भागीचीं घोडींच होत. त्यांवर बसून आपण जें पत्र वाचतों किंवा लिहितों तें मात्र भागीचें नसतें. तें आपलें आणि आपणांस लिहिणाऱ्याचें असतें. यंत्र सर्वांचें व पत्र एकट्याचें, या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आम्ही या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणार आहों. प्रथमदर्शनीं तो क्षुल्लक वाटेल. परंतु मुलांचे प्रवेश, कुटुंबाचा पैसा, मैत्री आणि अब्रू या चारही गोष्टी आज त्याच्याशीं निगडित झाल्या आहेत.

पत्राच्या बाबतींत उघडें कोणतें व झांकलेलें कोणतें, हा विवेक आपल्या समाजाला नवा नाहीं. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पोस्टकार्ड निघालें. त्यावरील मजकूर ज्याच्या हातीं पडेल त्याला वाचतां येई. म्हणून खुशाली, येण्याची तारीख, पावसापाण्याची हकीकत एवढेंच लोक कार्डावर लिहीत, आणि मनांतलें अथवा पैशाचें कांहीं असलें म्हणजे पाकीट घेऊन तें नीट चिकटवीत. ज्या आजीला अक्षरओळख नसे तिलाही हा भेद कळत असे. पत्र लिहवून घ्यावयाचें तें कोणाकडून, हें ती विचार करून ठरवी. ई-मेलच्या बाबतींत हा विवेक सुटला, त्याचें कारण उघड आहे. पडद्यावर सारींच पत्रें सारखीं दिसतात, आणि आपण उठून गेल्यावर पेटी बंद झाली कीं उघडी राहिली, हें डोळ्यांना दिसत नाहीं.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, पासवर्ड ही बँका व मोठ्या कंपन्या यांनीं काढलेली एक कटकट आहे. वस्तुस्थिति वेगळी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळीं काम करतां यावें अशी योजना तयार केली व १९६१ सालीं ती करून दाखविली. यंत्र एक आणि माणसें अनेक. तेव्हां एकाचे कागद दुसऱ्यानें चाळूं नयेत म्हणून प्रत्येकास एकेक परवलीचा शब्द देण्यांत आला. संगणकावरील पासवर्डाचा हा आरंभ समजला जातो. त्याच यंत्रावर १९६५ सालीं टॉम व्हॅन व्ह्लेक व नोएल मॉरिस यांनीं एकानें दुसऱ्यासाठीं निरोप ठेवावा अशी सोय केली. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडण्याची व नांवापुढें 'ॲट'चें चिन्ह घालण्याची रे टॉमलिन्सन यांची युक्ति त्यानंतरची, म्हणजे १९७१ सालची. सारांश, पासवर्ड हा सामाईक यंत्राच्याच पोटीं जन्मला, आणि शेजारधर्म सांभाळण्यासाठीं जन्मला.

या कुलपाची परीक्षाही लवकरच झाली. १९६२ सालीं ॲलन शेर नांवाच्या एका संशोधक विद्यार्थ्यानें, आपणांस नेमून दिलेला यंत्राचा वेळ पुरत नाहीं म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली व दुसऱ्यांच्या वांट्याचा वेळ वापरला. त्याच दशकांत आणखी एक प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन निरनिराळ्या फायली दुरुस्त करीत असतां त्यांची अदलाबदल झाली, आणि जो कोणी यंत्रावर येई त्याला रोजच्या सूचनेच्या जागीं सर्वांचे पासवर्ड दिसूं लागले. पहिल्या प्रसंगीं एकाची गरज त्याच्या विवेकावर मात करून गेली. दुसऱ्या प्रसंगीं कोणाच्याही मनांत वाईट नसतां केवळ कामाच्या गर्दींत दार उघडें पडलें. आज साठ वर्षांनंतरही सामाईक संगणकावरील पत्र फुटतें तें बहुतेक या दोन कारणांनींच. दूर देशींच्या चोराची भीति आपण फार बाळगतों. पण पुढच्या तासाला त्याच खुर्चीवर बसणारा वर्गबंधु आपल्या ध्यानींमनींही नसतो.

आतां हें दार उघडें कसें राहतें तें पाहूं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत इंटरनेट सर्वसाधारण लोकांस खुलें झालें, आणि १९९६ सालीं साबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं अमेरिकेंत हॉटमेल सुरू केलें. त्या योगें कोणत्याही गांवच्या कोणत्याही संगणकावर बसून ब्राउझरमधून आपली पत्रपेटी उघडतां येऊं लागली. ज्यांच्या घरीं संगणक नव्हता त्यांना ही सोय वरदानासारखी झाली. परंतु जी पेटी कोठेंही उघडतां येते ती कोठेंही उघडी विसरतां येते. आपण पासवर्ड दिला कीं मेल पुरविणारा दूरचा संगणक आपल्या ब्राउझरच्या हातीं एक लहानशी खूण ठेवतो; तिला कुकी म्हणतात. रेल्वे स्टेशनावरील सामानघराच्या पावतीसारखी ती असते. पावती दाखवील त्याला सामान मिळावें, तसें ती खूण दाखविणाऱ्या ब्राउझरला दर वेळीं पुन्हां पासवर्ड न विचारतां पत्रें मिळतात. खिडकी मिटली, किंबहुना संगणक बंद केला, तरी ती पावती पुष्कळदां यंत्रांतच पडून राहते. 'साइन आउट' या शब्दांवर बोट ठेवलें म्हणजे ती रद्द होते. मुलें खिडकी मिटतात आणि दार लावलें असें समजतात. सारा घोटाळा या एका समजुतींत आहे.

यावरून जे नियम निघतात ते थोडे व सोपे आहेत. पहिला हा कीं, उठण्यापूर्वीं साइन आउट करावें, आणि नंतर पत्रपेटीचा पत्ता पुन्हां उघडून ती पासवर्ड मागते कीं नाहीं हें पाहावें. कुलूप लावल्यावर आपण तें ओढून पाहतों, तसेंच हें. दुसरा, 'पासवर्ड लक्षांत ठेवूं काय?' असें ब्राउझरनें विचारलें तर परक्या यंत्रावर नेहमीं 'नाहीं' म्हणावें. तिसरा, ब्राउझरला स्वतःच्या खात्याशीं जोडूं नये. कारण तसें केल्यास केवळ पत्रेंच नव्हेत, तर आपण इतरत्र जपून ठेवलेले पासवर्डही त्या यंत्रावर उतरूं शकतात. चौथा, पत्रासोबत आलेली गुणपत्रिका किंवा आधार कार्डाची प्रत उतरवून घेतली असेल तर ती 'डाउनलोड्स'मधून काढावी, 'रिसायकल बिन'ही रिकामें करावें, आणि छापलेला कागद यंत्रावर विसरूं नये. पांचवा, क्षणभर उठावें लागलें तरी पडदा कुलूपबंद करावा; विंडोज असलेल्या संगणकावर विंडोजची कळ व 'एल' अक्षराची कळ एकत्र दाबली कीं हें काम होतें. मात्र हें कुलूप आपल्या स्वतःच्या नांवाच्या विभागालाच उपयोगी. शाळेंत सर्वांना एकच पासवर्ड असेल तर साइन आउट करूनच उठावें.

बहुतेक ब्राउझरांत 'इन्कॉग्निटो' किंवा खासगी खिडकी म्हणून एक सोय असते. सामाईक यंत्रावर ती अवश्य वापरावी. कारण अशा सर्व खिडक्या मिटल्या म्हणजे त्यांतील कुकी व पाहिलेल्या पानांची नोंद त्या यंत्रावर राहत नाहीं. पण तिच्यावर भलता विश्वास टाकूं नये. उतरवून घेतलेल्या फायली ती पुसत नाहीं, आणि शाळेच्या किंवा दुकानाच्या जाळ्यावर देखरेख असेल तर तिच्यापासून ती आपणांस लपवीत नाहीं. एखाद्या यंत्रावर दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारा कार्यक्रम कोणी बसविला असेल, तर खासगी खिडकीही तेथें निरुपयोगी आहे. म्हणून ज्या यंत्राच्या मालकाविषयीं खात्री नाहीं, तेथें महत्त्वाची पेटी उघडूंच नये, हाच शहाणपणाचा मार्ग.

आणखी एक उपाय म्हणजे दुहेरी पडताळणी. पासवर्ड दिल्यावर स्वतःच्या मोबाइलवर आलेला अंक अथवा आलेली विचारणा मान्य केल्यावरच पेटी उघडावी, अशी व्यवस्था करतां येते. मग पासवर्ड कोणाच्या हातीं लागला तरी तेवढ्यानें काम भागत नाहीं. फक्त 'या संगणकावर पुन्हां विचारूं नये' या ओळीपुढें परक्या यंत्रावर खूण करूं नये, नाहीं तर केलेला बंदोबस्त आपणच मोडल्यासारखें होईल. आणि इतकें करूनही कधीं विसर पडलाच, तर हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. घरच्या मोबाइलवरून आपल्या खात्यांत जाऊन कोणकोणत्या यंत्रांवर पेटी उघडी आहे तें पाहतां येतें व तेथूनच ती बंद करतां येते. त्यानंतर पासवर्ड बदलावा, आणि आपलीं पत्रें परस्पर दुसऱ्या पत्त्यावर धाडण्याची व्यवस्था कोणी करून ठेवली नाहीं ना, हेंही तपासावें.

घरच्या संगणकाविषयीं पालकांस एक सूचना करावीशी वाटते. एकाच यंत्रावर प्रत्येकासाठीं वेगळें खातें उघडण्याची सोय विंडोजमध्यें आहे व तिला वेगळा पैसा पडत नाहीं. एका घरांत चार माणसांच्या चार ट्रंका असाव्या तसें तें आहे. ज्याच्या हातीं यंत्राची मुख्य व्यवस्था असेल त्याला इतरांच्या ट्रंका उघडणें अशक्य होत नाहीं, हें खरें. तरी चुकून दुसऱ्याचें पत्र डोळ्यांखालीं येणें टळतें, धाकट्याच्या खेळांत ताईचा अर्ज पुसला जात नाहीं, आणि ज्याची त्याची वस्तु वेगळी ठेवण्याची शिस्त घरांत आपोआप लागते.

'आमच्या पत्रांत असें काय मोठें आहे?' असा प्रश्न पुष्कळ पालक व कित्येक विद्यार्थीही करितात. त्यांस आमचें पहिलें उत्तर व्यवहाराचें आहे. ई-मेल ही आतां केवळ पत्रपेटी राहिली नाहीं. ती किल्ल्यांचा जुडगा झाली आहे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ति, परीक्षेचें प्रवेशपत्र, रेल्वेचें तिकीट, यांपैकीं कशाचाही पासवर्ड विसरला तर नवा करण्याची वाट बहुतेक ई-मेलमधूनच जाते. म्हणजे ज्याच्या हातीं ही पेटी, त्याच्या हातीं बाकीचीं दारें. आणि ही पेटी पुष्कळ मुलांच्या बाबतींत आहे कोणाच्या हातीं? अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत खातें काढलें जातें. पासवर्ड दुकानदाराच्या वहींत राहतो. कधीं कधीं मोबाइलचा क्रमांकही त्याचाच दिलेला असतो. दुकानदार भला असेल, बहुधा असतोच. परंतु तो दुकान हलवील, क्रमांक बदलील, किंवा ऐन प्रवेशाच्या आठवड्यांत गांवीं जाईल, तेव्हां ज्याचें वर्ष धोक्यांत येतें तो विद्यार्थी असतो. म्हणून खातें विद्यार्थ्यानें स्वतः काढावें, क्रमांक घरचा द्यावा, आणि पासवर्ड स्वतःच्या हातानें घालावा. तो फार लहान नसावा; एकमेकांशीं संबंध नसलेले चारपांच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षांत राहतो व सहसा ओळखूं येत नाहीं. एकदां वापरलेला पासवर्ड मात्र दुसऱ्या कोठेंही वापरूं नये.

आमचें दुसरें उत्तर नीतीचें आहे, आणि आमच्या दृष्टीनें तेंच अधिक महत्त्वाचें. 'ज्याला लपवावयाचें नाहीं त्याला भय कसलें?' हा युक्तिवाद प्रथम ऐकतांना बिनतोड वाटतो. पण पत्र एकट्याचें कधींच नसतें. मैत्रिणीनें आपल्या वडिलांच्या आजाराविषयीं लिहिलें, मित्रानें फी भरण्यास पैसे नाहींत म्हणून कळविलें, तर तीं गुपितें आपलीं नव्हेत. तीं आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. पेटी उघडी टाकून उठणारा स्वतःबरोबर त्या मित्रालाही उघड्यावर आणतो. गोष्ट षट्कर्णी झाली कीं ती वर्गभर होण्यास वेळ लागत नाहीं. आणि ज्यानें विश्वासानें लिहिलें तो पुन्हां कोणालाही मनांतलें सांगणार नाहीं, ही हानि भरून येणें कठीण. आपल्याजवळ लपविण्यासारखें कांहीं नसेलही. पण सांभाळण्यासारखें पुष्कळ आहे.

येथवर आम्ही उठून जाणाऱ्याचें कर्तव्य सांगितलें. परंतु त्याच खुर्चीवर नंतर येऊन बसणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे, आणि त्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. पडद्यावर दुसऱ्याची पत्रपेटी उघडी दिसली तर काय करावें? आमच्या मतें याचें उत्तर एकच आहे: एक ओळही न वाचतां साइन आउट करावें, आणि जमल्यास त्या विद्यार्थ्यास एकांतांत तसें सांगावें. शेजाऱ्याचें दार उघडें राहिलें म्हणून कोणी आंत जाऊन कपाट चाळीत नाहीं; दार ओढून घेतो व शेजाऱ्याला हांक मारतो. 'त्यानें उघडें कां ठेवलें?' ही सबब चोरही सांगूं शकेल. थट्टा म्हणून दुसऱ्याच्या नांवानें एखादें पत्र धाडणें हा प्रकार विद्यार्थ्यांत विनोद समजला जातो; त्यांस कायदा काय म्हणतो तेंही ठाऊक असावें. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यांत २००८ सालीं झालेल्या दुरुस्तीनें आलेल्या ६६-क या कलमान्वयें दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें अथवा अप्रामाणिकपणें वापरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. तथापि शिक्षेच्या भीतीनें पाळलेला सभ्यपणा कच्चाच. ज्याला कोणी पाहत नाहीं अशा खोलींत दुसऱ्याचें पत्र समोर असतांना जो तें वाचीत नाहीं, त्याचें शिक्षण खरें झालें असें आम्ही समजतों.

शेवटचा व सर्वांत नाजूक प्रश्न आई-वडिलांचा. मुलांचीं पत्रें पालकांनीं वाचावीं कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, मूल आमचें, त्याचें बरेंवाईट आमच्या माथीं, मग पडदा कशाला? त्यांची काळजी खोटी नाहीं. अनोळखी माणसें मुलांशीं गोड बोलून त्यांस जाळ्यांत ओढतात, धमकावितात, आणि मुलें भयानें गप्प राहतात, हें आम्हांसही माहीत आहे. दुसरा पक्ष खासगीपणाच्या हक्काचा दाखला देतो. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं तो मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, हेंही खरें. पण घरांत हक्काची भाषा फार दूर जात नाहीं. आमचें मत असें आहे कीं, पालकांनीं पाहूं नये असें नाहीं. चोरून पाहूं नये.

लहान मुलाची पेटी पालकांनीं त्याला शेजारीं बसवून उघडपणें चालवावी. वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या बाबतींत एक तोड आम्ही सुचवितों. मुलानें आपला पासवर्ड कागदावर लिहून पाकिटांत बंद करावा, पाकिटावर सही करावी, आणि तें घरच्या कपाटांत आईच्या किंवा वडिलांच्या स्वाधीन करावें. मूल संकटांत आहे असें वाटलें तर पाकीट फोडावें, पण तें त्याला सांगून. एरव्हीं तें शाबूत राहावें. पासवर्ड बदलला तर पाकीटही बदलावें. यांत पालकांस आधार राहतो व मुलावर विश्वास राहतो. याच्या उलट, आपलीं पत्रें चोरून वाचलीं जातात असा मुलाला एकदां संशय आला कीं तें दुसरें खातें काढतें, तें पालकांस ठाऊकही होत नाहीं, आणि ज्या धोक्यासाठीं पहारा ठेवला तो धोका नेमका पहाऱ्याबाहेर जातो. संकटाच्या घडीला मुलानें आपण होऊन आईजवळ यावें, यापेक्षां मोठें संरक्षण कोणत्याही यंत्रांत नाहीं. आणि तें येणें विश्वासावर अवलंबून आहे.

शाळांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. संगणकाच्या तासाचीं शेवटचीं दोन मिनिटें साइन आउट करण्यासाठीं राखून ठेवावीं, आणि शिक्षकांनीं पुढील वर्ग आंत घेण्यापूर्वीं प्रत्येक पडद्यावरून नजर फिरवावी. फळा पुसल्यावांचून वर्ग सोडूं नये, ही रीति आपण ज्या सहजतेनें शिकवितों त्याच सहजतेनें ही शिकवितां येईल. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांजवळ उद्यां स्वतःचा संगणक असेल, आणि हे नियम मग अनावश्यक वाटतील. पण दुसऱ्यानें विश्वासानें हातीं दिलेलें जपावें, व जें आपल्यासाठीं नाहीं तें समोर असूनही वाचूं नये, ही संवय एकदां अंगीं बाणली कीं कोणत्याही कचेरींत, कोणत्याही घरांत तुमच्यावर निर्धास्तपणें भार टाकतां येईल. तेवढें झालें तर भागीचें घोडेंही धडधाकट राहील.